रंगवलेले पाच नट

सत्तरच्या दशकात माझी बदली खडकीच्या एका वर्कशॉपला झाली. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. माझं गाव धायरी, तेव्हा ते खरोखरच गाव होतं. वर्कशॉपमध्ये महायुद्धाच्या काळातली एक जुनी जीप होती. वर्षातून एकदा, परेडच्या दिवशी, मोठे साहेब तिच्यात उभे राहून सलामी घेत. उरलेलं वर्षभर आम्ही ती पुसत असू.

तिचा ड्रायव्हर नाईक रशीद शेख, मंडईजवळचा. माझं आणि त्याचं पटत नव्हतं. मला तो किरकिऱ्या वाटायचा, त्याला मी शिष्ट वाटायचो. त्याचं बरोबर होतं.

परेडआधी इन्स्पेक्शन होतं. सिव्हिलियन लोकांना सांगतो, फौजेत इन्स्पेक्शन म्हणजे रंग. मी जीपची चारही चाकं काढली आणि हिरव्या रंगाचे दोन हात दिले. चाक जिथे ब्रेकच्या ड्रमला चिकटून बसतं तिथेही ब्रश फिरवला. प्रत्येक चाकाचे पाच नट पांढरे केले. सुभेदार साहेब म्हणाले, "शाब्बास." मी फुगलो.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला रशीद आला.

"हवालदार साहेब, पस्तीसच्या पुढे स्टिअरिंग हलतंय. हात थरथरतात."

"चहा कमी प्या."

सगळे हसले. मीही हसलो.

तरी काम केलं. हवा मोजली, बरोबर होती. जॅक लावून पुढची चाकं वर-खाली हलवली, मग डावी-उजवीकडे. बेअरिंगला खेळ, म्हणजे ढिलेपणा, नव्हता, टाय रॉडलाही नव्हता. मग चाक फिरवून रिमजवळ खडू धरला. डाव्या रिमवर खडू एकाच बाजूला लागला. रिम वाकडी आहे असं मी ठरवून टाकलं. मागचं चाक पुढे आणलं, पुढचं मागे टाकलं, नट आवळले आणि पाना लागला तिथे पुन्हा पांढरा हात दिला.

आमच्याकडे शिरस्ता होता. जॉब कार्डवर 'फिट' लिहिणाऱ्याने रोड टेस्टला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. स्वतःचा जीव गाडीत असला की सही जपून होते. मी बसलो. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. स्टिअरिंग शांत. सही केली.

उतरताना रशीदला बजावलं, "इन्स्पेक्शन होईपर्यंत नटांना पाना लावायचा नाही. ओरखडा दिसला तर गाठ माझ्याशी आहे."

तीन दिवसांनी सकाळी नऊला तो पुन्हा दारात. रिहर्सलसाठी जीप देहूरोडला न्यायची होती.

"परत हलतंय. एकदा नट बघता का?"

"फिट लिहिलंय."

"मग पाना द्या, मी बघतो."

"रंग उडेल. गाडीला काही झालेलं नाही, तुमच्या हातांना झालंय."

तो म्हणाला, "ठीक आहे. सही तुमची आहे, शेजारी बसा."

"मला काम आहे," मी म्हणालो. मला काहीही काम नव्हतं.

दहा चाळीसला त्याच रस्त्यावर असलेल्या, बंद गाड्या ओढून आणणाऱ्या रिकव्हरी गाडीचा वायरलेस आला.

"जीप पुलाजवळ उलटली आहे. पुढचं डावं चाक नाही. ओव्हर."

"ड्रायव्हर?" मी विचारलं.

पलीकडून आवाज आला, "ड्रायव्हर गेला. ओव्हर."

मी मागून पुढे आणलेलं ते चाक ज्वारीच्या शेतात सापडलं. नटांची भोकं घासून लांबट झाली होती आणि आतल्या बाजूने रंगाचे पापुद्रे निघत होते. पाहिलं आणि समजलं. रिम कधीच वाकडी नव्हती. चाक ड्रमवर बसलेलंच नव्हतं, माझ्या रंगावर बसलं होतं. रंग दबला, नट सैल झाले. पाना लावला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

सुभेदार साहेबांनी बाजूला घेतलं. "ड्रायव्हर वेगात होता, एवढंच बोलायचं. मेलेल्याला शिक्षा होत नाही."

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मेजर साहेबांनी विचारलं, "काय सांगायचंय?"

मी ते चाक टेबलासमोर आडवं ठेवलं आणि चाकूने पापुद्रा काढून दाखवला.

"हा रंग कोणी दिला?"

"मी, सर."

"ड्रायव्हरने तक्रार केली होती?"

"दोनदा, सर. दुसऱ्या वेळी पाना मागितला होता. मी दिला नाही."

माझी एक पट्टी गेली, हवालदाराचा नाईक झालो. बदली होईपर्यंत सुभेदार साहेब माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रशीदच्या नावापुढे 'ड्रायव्हरची चूक' लागलं नाही.

हे सांगायला मी मंडईत त्याच्या भावाच्या फळांच्या गाळ्यावर गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. डोळे कोरडे होते.

"खरं बोललात, ते कळलं. पण पाना का नाही दिलात?"

मी गाळ्यावरचं एक संत्रं उचललं आणि परत ठेवलं.

"पुन्हा इकडे येऊ नका," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. त्यानंतर मी मंडईची पायरी चढलेलो नाही.

आता धायरीत माझी शेड आहे. हौशी लोक जुन्या गाड्या घेऊन येतात. "काका, व्हील बॅलन्सिंग झालं, टायर नवे टाकले, तरी वॉबलिंग जात नाही." मी आधी चाक उतरवतो आणि ते ड्रमवर टेकतं त्या बैठकीवरचा रंग खरवडायला घेतो. लगेच आरडाओरडा होतो. "अहो, रविवारी शो आहे! पेंट बघा केवढा भारी आहे!" मी म्हणतो, मग दुसरीकडे जा. निम्मे जातात. जाऊ देत.

जे थांबतात त्यांचे नट मी उघड्या लोखंडावर आवळतो आणि मग शेजारी बसतो. गुडघे वाकत नाहीत, आत शिरायला वेळ लागतो. मालक म्हणतात, "राहू द्या काका, आम्ही एक चक्कर मारून येतो." मी उतरत नाही. नाईक रशीद शेखने मला एकदाच बसायला सांगितलं होतं.