दुधी काचेची खरखरीत बाजू

बॉस्फरसकाठच्या सिर्केजी भागातल्या एका पॅसेजमध्ये तिसऱ्या मजल्यावर रुश्तू उस्तांचे दुकान आहे; उस्ता म्हणजे मुरलेला कारागीर. समोरच्या गाळ्यात मी कॅमेऱ्यांचे पट्टे विकतो. एका जातीच्या कॅमेऱ्यासाठी घडलेली जुनी लेन्स दुसऱ्या जातीच्या कॅमेऱ्यावर बसवून देणे हे त्यांचे पन्नास वर्षांचे काम. त्यासाठी लेन्सची मागची बैठक काढून, बूड तासून, नवी बैठक बसवावी लागते. तासणे कमी पडले, तर जवळचे तेवढे स्पष्ट दिसते आणि दूरचे कायमचे पुसट राहते. जास्त झाले, तर मागचे भिंग कॅमेऱ्यातल्या आरशावर आदळते. आणि एकदा गेलेला धातू परत येत नाही.

मागच्या हिवाळ्यात उस्तांच्या हातून एक लेन्स जास्त तासली गेली. "आणखी एक बिघडली की कानस खुंटीला," ते त्या दिवशी म्हणाले. त्यानंतर आलेल्या बैरामला, म्हणजे ईदला, पॅसेजमधली धाकटी माणसे रिवाजाप्रमाणे त्यांच्या हाताचे चुंबन घ्यायला वाकली, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. "या हातात आता काय उरलंय रे?" असे म्हणून.

त्यानंतरचे पहिले अवघड काम आले ते लेमान हानिमचे, म्हणजे लेमानबाईचे. बॉस्फरसमधून जाणाऱ्या जहाजांचे किनाऱ्यावरून फोटो घेण्याचा तिला छंद. मामांची लांब पल्ल्याची लेन्स तिला स्वतःच्या कॅमेऱ्यावर हवी होती. दूरचे जहाज दिसणार नसेल, तर ती लेन्स तिच्या काय उपयोगाची! कुर्बान बैरामच्या, म्हणजे बकरी ईदच्या, आदल्या दिवशी दुपारी ती न्यायला येणार होती.

त्या सकाळी उस्तांनी काम पुरे केले आणि आम्ही दोघे गच्चीवर गेलो. त्यांची परीक्षा नेहमीची. लेमानच्या कॅमेऱ्याच्याच जातीच्या एका मेलेल्या कॅमेऱ्याच्या पोटात, फिल्मच्या जागी, त्यांनी दुधी काच बसवलेली आहे. लेन्स त्यावर चढवायची, अंतर जुळवायचे कडे दूरच्या टोकापर्यंत फिरवायचे आणि पाण्यापलीकडच्या चामलिजा टेकडीवरचा मनोरा काचेवर लख्ख उमटतो का ते पाहायचे.

उस्तांनी काचेला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग मला म्हणाले, "तू बघ."

समोरच्या छपरावर बसलेल्या कुरव पक्ष्याचे पीस न् पीस दिसत होते. मनोऱ्याच्या जागी मात्र धुराची रेघ होती.

"धुकं असेल, उस्ता."

"धुकं नाही. पाऊण मिलिमीटर तासायचं राहिलंय. पाऊण! पूर्वी केसाएवढी चूक झाली तर मी जेवत नव्हतो."

खाली येऊन त्यांनी लेन्स पुन्हा लेथवर बांधली. पाऊण मिलिमीटर काढल्यावर आरशाला वाव उरेल का, हे मी विचारले नाही. त्यांना ते माझ्याहून चांगले ठाऊक होते. तेवढ्यात दारात उस्तांच्या पत्नी मेलाहात हानिम उभ्या राहिल्या, हातात कबरींवर ठेवायच्या मर्टलच्या सुवासिक डहाळ्यांच्या जुड्या. सणाच्या आदल्या दिवशी कबरींवर जायची वेळ झाली होती.

"अहो, अजून इथेच? आई-बाबा तिकडे वाट बघून कंटाळले असतील!"

"थांब जरा, मेलाहात. हात गेला माझा."

"कुठे गेला? दोन्ही तर दिसताहेत." त्यांनी दुकानभर नजर फिरवली. "आणि परवा मी एवढं घासूनपुसून ठेवलं, त्याबद्दल एक शब्द नाही! बैरामची साफसफाई काय फक्त घराची असते? त्या मढ्याच्या पोटातली काचसुद्धा काढून व्हिनेगरनं धुतली मी."

उस्तांचा हात लेथच्या बटणावरून खाली आला.

"कुठली काच?"

"त्या बिनआतड्याच्या कॅमेऱ्यातली."

"परत लावताना कुठली बाजू आत गेली?"

"तकतकीत. खरखरीत बाजू आत ठेवून काय, धूळ साठवू?"

चित्र उमटते ते खरखरीत बाजूवर. ती लेन्सकडे असावी लागते. काच उलटी झाली, की तिच्या जाडीमुळे सगळे माप सरकते. उस्तांनी काच काढून पालटून बसवली आणि लेथवरची लेन्स सोडवली. जिना चढताना मी त्यांच्या मागे धापा टाकत होतो.

या वेळी मनोऱ्याचा टोकावरचा दांडाही मोजता आला असता. उस्ता गच्चीच्या कठड्यावर मटकन बसले आणि हसू लागले. हसता हसता डोळे पुसू लागले. मागून चढून आलेल्या मेलाहात हानिम गोंधळल्या. "माझ्यावर हसताय का?"

"तुझ्यामुळे हसतोय, बाई. कबरस्तानाऐवजी इथेच गाडून घेणार होतो स्वतःला."

"मग पुढच्या वेळी तुम्हीच धुवा!" असे म्हणत त्यांनी पर्समधली नेलपॉलिशची बाटली काढली आणि काचेच्या खरखरीत बाजूच्या कोपऱ्यावर लाल ठिपका दिला. "हा आत. आता कुणी मला बोल लावायचा नाही."

लेमान आली तेव्हा आम्ही गच्चीवरच होतो. तिने लेन्स कॅमेऱ्यावर चढवली, मार्मारा समुद्राकडे वळली आणि नांगर टाकून उभ्या असलेल्या एका मालवाहू जहाजाचे नाव अक्षर अक्षर लावून वाचले. मग कॅमेरा खाली घेऊन म्हणाली, "उस्ता, उद्या मी गावी असेन. बैराम आजच साजरा करू द्या." आणि वाकली.

उस्तांनी हात पुढे केला. तिने त्याचे चुंबन घेऊन तो कपाळाला लावला, तरी त्यांनी तो मागे घेण्याची घाई केली नाही.