काकांनी सोडलेलं तूप

“तूपच नडलं हो त्यांना,” दारात कोट काढता काढता भेटायला आलेल्या देसाई मावशी हळूच म्हणाल्या. काका हृदयविकारानं गेले, त्याला काही आठवडे झाले होते. जर्मनीत, एर्लांगेनच्या काका-काकूच्या घरात मी शिकायला म्हणून राहत होते. स्वयंपाकघरात काकूचा हात क्षणभर थांबला... तिलाही ऐकू गेलं होतं. मला पटकन बोलता येत नाही. इंग्रजी शाळेत गेल्यापासूनच मराठी वाक्य मनात आधी जुळवावं लागतं.

काकांना मधुमेह होता. रक्तात चरबी वाढल्याचं कळलं त्या दिवशीच त्यांनी तूप, अंडी सोडली आणि चतुर्थीच्या जोडीला सोमवारही धरला. “पोट हलकं, रक्त हलकं!” कारखान्यात फ्रँकफर्टला पाठवायचं यंत्र तपासून झाल्यावर म्हणावं, तसं समाधानानं म्हणाले. उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर खजूर. डॉक्टरांकडे मी सोबत गेले होते. त्या म्हणाल्या, “आल्झो, तर असं: लोणी-तूप बेतानं, गोळी रोज. पण आधी साखर आवरा. ती चढलेली राहिली, की यकृत जास्त चरबी रक्तात सोडतं. ही चरबी, ट्रायग्लिसराइड, खाली यायला साखर खाली यायला हवी.” बसमध्ये काका मला म्हणाले, “यांना उपास कळायचा नाही गं. उपासात कुठली आलीय साखर?”

घरी काकूनं डॉक्टरांचीच बाजू घेतली. “अहो, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, पोटात त्याची साखरच होते. भगर करते, थोडीच.”

“देवाच्या कामात डॉक्टर आणू नकोस.”

“उपास देवाचा असेल, साबुदाणा एशियन दुकानातला आहे!”

काका हसले, आणि खिचडी मागून घेतली. तिनं वाढली. तेच मला अजून छळतं. मावशींना खरं सांगावं, तर तुपाचा आळ खिचडीवर जाणार, आणि खिचडीही काकूच्याच हातची.

जेवायला बसलो. काकांनी स्वतः सोडल्यावरही आमच्या भातावर तूप मात्र काकाच वाढायचे, चमचा उलटा करून शेवटचा थेंब पडेपर्यंत. ते स्टीलचं भांडं आज टेबलावर नव्हतं. काकूनं कपाटात मागे सारलं होतं. मावशी बिनतुपाच्या वरणाकडे बघत होत्या. मी उठले, भांडं काढलं, काकूच्या हातात दिलं.

“काकांनी तूप कधीच सोडलं होतं, मावशी,” मी म्हणाले. “त्यांची साखर आवरत नव्हती, आणि त्यांना ते सांगणारी घरात एकटी काकूच होती. काकू, मला तूप वाढ.”