दसरा, बेदाण्याचं मशीन आणि माझं पहिलं पेटंट

दसऱ्याच्या आठवड्यात, सातपूरच्या एका शेडमध्ये, माझं माझ्या पहिल्याच अशिलाशी कडाक्याचं भांडण झालं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे, पण अजून कालची वाटते...

फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून, पेटंट एजंटची परीक्षा देऊन मी नाशिकरोडला घराच्या पुढच्या खोलीत पाटी लावली होती. पाटीवरचं 'पेटंट' वाचून एकदोघं चक्क खोकल्याचं औषध मागायला आले. काम मात्र कुणी आणेना...

मग आले दत्तूभाऊ. मूळचे हरसूलकडचे, सातपूरला छोटं वर्कशॉप. त्यांनी बेदाणे निवडायचं मशीन बनवलं होतं. दाण्यावर उजेड पाडायचा, परत येणारा उजेड मोजायचा आणि काळा दाणा हवेच्या झोताने बाहेर उडवायचा. दिवा जुना होऊन मंदावला तरी चिपमधला प्रोग्रॅम स्वतःच हिशेब सुधारून घ्यायचा, हे त्यातलं नवं. ते बघून मी टाळीच वाजवली.

आणि भाऊंनी दसऱ्याला मशीनची पूजा ठेवली! पाहुणे, शेजारचे कारखानदार, शिवाय मशीन बनवणारी मुंबईची एक मोठी पार्टी. नारळ फोडून सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं...

अर्ज दाखल व्हायच्या आधी चारचौघांत दाखवलं की कायद्याच्या लेखी ते नवं राहत नाही. पेटंट गेलंच म्हणायचं. मी म्हटलं, पूजा पुढे ढकला.

भाऊ भडकले. "लय झालं, मॅडम. तुमच्यात यंत्राची पूजा नसती, तुम्हाला काय त्याचं?"

आम्ही बौद्ध. झोंबलं... फार झोंबलं. फाइल टेबलावर आपटून निघून जावं असं वाटलं. पण मशीन खरंच नवं होतं, आणि मुंबईची पार्टी ते फुकटात उचलणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

"पूजेला माझी हरकत नाही, भाऊ. बटण दाबायला आहे. दसऱ्याच्या आत मी अर्ज दाखल करते. सांगायला येईन, तोवर मशीन कुणाला दाखवू नका." एवढं बोलून निघाले. ते ऐकतील याचा काही भरवसा नव्हता.

नुसत्या प्रोग्रॅमवर पेटंट मिळणं अशक्यच. म्हणून दिवा, सेन्सर, हवा आणि प्रोग्रॅम मिळून एकच मशीन, असं मांडलं. लिहिलं, फाडलं, परत लिहिलं... आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुंबईचं पेटंट ऑफिस गाठलं.

काउंटरवरचे गृहस्थ कागद चाळून म्हणाले, हा तर प्रोग्रॅम दिसतोय. "तपासणीत नाकारा हवं तर, पण आज दाखल करून घ्या," मी म्हटलं आणि तिथेच उभी राहिले. घेतला बाबा एकदाचा...

भाऊंचा फोन लागेना. दसऱ्याच्या सकाळी आईला सांगितलं, आधी सातपूर, मग धम्मचक्र दिनासाठी विहारात येते. आणि रिक्षा पकडली.

शेड माणसांनी गच्च भरलेली. वाट काढत आत गेले तर मशीनवर चादर, चादरीवर झेंडूची माळ. पूजा झालेली, मुंबईचे पाहुणे चुळबुळत बसलेले.

"झालं दाखल," मी म्हटलं.

भाऊ सगळ्यांकडे वळले. "या आमच्या पेटंटच्या बाई. या आल्याबिगर चादर निघनार नाय, सकाळपासून सांगतोय ना!" मग हळूच मला म्हणाले, "त्या दिवशी लय वाईट बोललो. चादर तुम्हीच काढा."

काढली. डोळे भरून आले होते, म्हणून मशीनकडेच बघत राहिले.

पेटंट हातात पडायला पुढे काही वर्षं गेली. नंतर लेझर, सॉफ्टवेअर, कितीतरी अर्ज केले. पण अपमान झाला म्हणून काम सोडायचं नाही, हे त्या शेडमध्ये पक्कं झालं... आणि भाऊंचे आभार अशासाठी, की माझ्यावर चिडलेले असतानाही त्यांनी माझा शब्द मोडला नाही.