‘हे’ म्हणजे कोण?

भाऊजी गेल्याची बातमी मेडशीला माझ्याकडे आली ती शाळा सुटता सुटता. वाशीमच्या बाजारातून परतणारा एक गाडीवाला शाळेपुढे बैल थांबवून म्हणाला, "मास्तर, तुमचे भाऊजी गेले. सकाळी उठलेच नाईत. काई तरास नाई झाला मनतात." मी अंगावरच्या सदऱ्यानिशी मिळेल त्या गाडीत बसून निघालो. वाटेत रडू येईल असं वाटलं होतं, पण खरं सांगतो, मला भाऊजी आणि आमची अक्का, माझी थोरली बहीण, भांडताना दिसायला लागले आणि चक्क हसू फुटलं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी तोंडाला उपरणं लावलं. आता महिना उलटून गेला आहे. भाऊजी काही मोठी असामी नव्हते, वर्तमानपत्रात नाव यावं असं त्यांनी काही केलं नाही. पण आपली हकीकत नातवंडांसाठी लिहून ठेवायची हे त्यांनी मनावर घेतलं, आणि त्यापायी नवरा-बायकोत जे रण पेटलं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

वाशीमच्या वेशीबाहेर त्यांची बाडी. वांगी, मेथी, मिरची, आणि आम्ही ज्याला सांबार म्हणतो ती कोथिंबीर. मोठ्या दुष्काळात आईबाप दोन्ही गेले, तेव्हा आजीनं त्यांना कडेवर घेतलं आणि मानोऱ्याकडून पायी वाशीम गाठलं. दुसऱ्याच्या बाडीत निंदण करून तिनं नातवाला वाढवलं. पुढे भाऊजींनी स्वतःची विहीर बांधली, मोट घातली, पोरींची लग्नं केली, मुलाला हाताशी धरलं. सगळं झालं. एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात सलत राहिली. त्यांना आपल्या आजाचं नाव ठाऊक नव्हतं.

ऐकणाऱ्याला नवल वाटेल, पण कारण साधं होतं. आजा तर कधीच गेला होता, गावचं माणूस कोणी उरलं नव्हतं, आणि आजी नवऱ्याचं नाव घेईना. "लहानपनी लय डाव इचारलं," भाऊजी सांगत, "त बुढी मने, तुह्या बापाचा बाप. आता घ्या! तेवढं त मलेबी समजत होतं." आजी गेली आणि तिच्याबरोबर ते नावही गेलं. म्हणून साठी उलटल्यावर एक दिवस भाऊजी अक्काला म्हणाले, "अवं, तू कागद घे. मी सांगतो, तू लिव. माह्या नातवायले तरी समजू दे, आपला आजा कोन होता."

भाऊजींना अक्षरओळख नव्हती, कागदावर ते अंगठा उठवत. अक्का मात्र शिकलेली. आमचे वडील शाळामास्तर, पोरगी असली तरी शिकली पाहिजे या हट्टाचे. माळ्याच्या घरात पोर वाचते म्हणून गाव हसला, पण त्यांनी तिला चौथीपर्यंत नेलंच. तेव्हा दुपारी मोट सुटली, बैल चिंचेखाली बांधले की अक्का दौत-टाक घेऊन बसायची आणि भाऊजी सांगायचे. विहिरीला पाणी लागलं तो दिवस, पहिली आगगाडी बघायला सगळा गाव नारळ घेऊन गेला होता तो दिवस... चांगली चळत जमली कागदांची.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो, तेव्हा भाऊजींनी अभिमानानं ती चळत माझ्या मांडीवर ठेवली. मी वाचायला लागलो आणि पहिल्याच पानाला अडखळलो. ‘हे लहान होते तवा ह्यायची आजी ह्यायले घेऊन वाशीमले आली. मंग हे बाडीत राह्यले. ह्यायले ताप आला.’ पानंच्या पानं हे, ह्यायले, ह्यायचं!

"अक्का," मी म्हटलं, "भाऊजी ‘मी’ म्हणून सांगतात ना? मग तू ‘मी’ का नाही लिहिलंस?"

"वा रे वा!" अक्का उसळली. "लिवनारी मी. मी लिवलं त ते मीच झाली ना? म्या कवा मोट हाकली? शिकवतो का मले!"

मी मास्तर, पण पान उलटून पुढे वाचू लागलो. बरं, नाव तरी कुठं असावं! एके ठिकाणी आजी बांधावरून हाका मारते, तिथं अक्कानं लिहिलं होतं, ‘आजीनं ह्यायच्या नावानं हाक मारली.’ आणखी पुढे ‘तीर्थफळाचा येल’ असं काहीतरी आलं. मी आयुष्यात हे फळ ऐकलं नव्हतं. मग उमगलं, की हे आपलं काशीफळ, लाल भोपळा! भाऊजींचं नाव काशीराम, तेव्हा काशीफळ म्हटलं तरी नवऱ्याचं नाव तोंडी येतं. बाजारातही अक्का तीर्थफळच विकायची, आणि गिऱ्हाईकं घेतही होती. मी हसून लोळलो. भाऊजी हसले नाहीत.

"मास्तर, सालभर सांगून राह्यलो हिले," ते म्हणाले, "का बाई, एक डाव माहं नाव लिव. आयकतच नाई."

"नाव घेतलं का नवऱ्याचं आविष्य कमी होते," अक्का म्हणाली. तिनं हे इतक्या शांतपणे सांगितलं, की मला थट्टा करवेना. भीती होती तिच्या डोळ्यांत. "आन घेतलं व्हतं ना लगनात उखान्यात? तेच धरा."

"तवा वाजंत्री वाजून राह्यली होती. मले आयकू आलं नाई."

मी म्हटलं, द्या, मी लिहून टाकतो, भांडण मिटलं. भाऊजींनी कागद ओढून घेतले. "तुमी कायले? जिनं सारं लिवलं तिनंच नाव लिवावं. नाई त नातू मनतीन, आजीले आज्याचं नावच ठाव नव्हतं." एवढं बोलून ते उठले आणि बैलांना कडबा टाकायला गेले. दोन दिवस नवरा-बायकोत अबोला. निरोप सगळे माझ्यामार्फत. "तुह्या भाऊजीले मना, जेवाले या." "तुमच्या बहिनीले सांगा, भूक नाई." माझी सुट्टी अशी हमालीत चालली होती.

मग तिसऱ्या दिवशी नात ठकी ओसरीवर आली. नुकतीच वाचायला लागलेली, दिसेल ते मोठ्यानं वाचायची. तिनं वरचा कागद उचलला आणि बोट ठेवून सुरू केलं, "हे... लहान... होते..." थोडं वाचून तिनं मान वर केली. "आजी, हे कोन? आपला बैल का?"

आम्ही सगळे खो खो हसलो. भाऊजीही हसले, पण मग ठकीला जवळ ओढून हळूच म्हणाले, "माहा आजाबी असाच गेला, ठके."

अक्काचं हसू जागच्या जागी थांबलं. तिनं भाऊजींकडे पाहिलं. मग दौत ओढली, कोरा कागद घेतला, टाक बुडवला. लिहून झालं तरी मान वर करीना.

"काय लिवलं?" भाऊजींनी विचारलं.

"नाव."

"कोनाचं?"

"तुमचं. आनखी कोनाचं?"

"मले का समजते, अंगठेवाल्याले? वाच."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी अंगणाकडे तोंड फिरवलं. तिनं पदर पुढे ओढला, भिंतीकडे वळली, आणि वाजंत्री नसताना, उखाणा नसताना, स्वच्छ आवाजात वाचलं, "माहं नाव काशीराम. बापाचं नाव राघो. आजाचं नाव ठाव नाई."

"ओ!" भाऊजी म्हणाले.

लांबच्या बांधावरून कोणी हाक मारावी आणि माणसानं हातातलं काम टाकून ओ द्यावी, तशी खणखणीत. पदराआडून अक्का लाजली, रागावली, आणि हसलीसुद्धा. साठीच्या घरातली माझी बहीण, नव्या नवरीसारखी लाल झाली होती.

आणि आयुष्य काही कमी झालं नाही, बरं का. तो हिवाळा, तो उन्हाळा भाऊजी मजेत जगले. रोज दुपारी तेच पान वाचायला लावायचे, रोज ओ द्यायचे. "पाय, जित्ताच हाय मी," म्हणून अक्काला चिडवायचे. माझ्या भाऊजींइतका तृप्त म्हातारा मी पाहिलेला नाही, आणि ते गेले याचं मला फार फार वाईट वाटतं.

मागच्या रविवारी मी वाशीमला गेलो होतो. नातवंडं ओसरीवर गोळा होऊन आजोबांची हकीकत वाचत होती, अक्का शेंगा सोलत ऐकत होती. ठकीनं वाचलं, "माहं नाव काशीराम," आणि ती भराभर पुढे निघाली. अक्कानं हात वर करून तिला थांबवलं. ओ द्यायला लागतो तेवढा वेळ तिनं हात तसाच धरला... मग अक्का म्हणाली, "हं, आता वाच फुडं."