चष्मेवाल्या बाईचं बोलणं

बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या घरात रविवारी सकाळी चहा होईपर्यंत सगळ्यांचे फोन वाजून गेलेले असतात. माझ्या नणंदेनं चित्रकथा टाकलेली असते. ती एका कचेरीत टायपिंगचं काम करते, लग्न केलेलं नाही, आमच्याबरोबरच राहते. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर स्केचपेननं चार चौकटी आखायच्या, फोटो काढायचा आणि घरच्या ग्रुपवर पाठवायचा, हा तिचा कित्येक वर्षांचा रिवाज. गुंजीच्या आत्याबाई, पुण्यातली भाचरं, निपाणीची माझी आई, सगळी वाट बघत असतात.

कथेत कायमची माणसं दोनच. एक मिशीवाले आजोबा. ते चुकलेलं वासरू घरी पोचवतात, एस.टी.त पोरांना जागा करून देतात, पिंजऱ्यातला पोपट सोडून देतात. हे म्हणजे माझे सासरे, आमचे आप्पा, हे शेंबडं पोरही ओळखेल. आणि दुसरी चष्मेवाली बाई. ती दारं लावून घेते, किल्ल्या लपवते, पोपट पुन्हा पिंजऱ्यात घालते. कुणी काही करायला निघालं की ती वाटेत उभी असते, "काय गरज हाय?" म्हणत. शेवटी दर वेळी हरते मात्र तीच.

मी चष्मा लावते. पण जगात चष्मा लावणाऱ्या बायका पुष्कळ, म्हणून सुरुवातीला मी मनावर घेतलं नाही. मग एका रविवारी ती बाई चिडून कन्नडमध्ये पुटपुटताना दिसली. माझं माहेर निपाणीकडचं. राग आला की माझ्या तोंडून कन्नडच निघतं. घरात दुसऱ्या कुणाचं निघत नाही.

तेव्हापासून मी रविवारची चित्रं मोठी करकरून बघायला लागले. बाईचा अंबाडा, पदर खोचायची रीत, सगळं ओळखीचं वाटायला लागलं. मी नवऱ्याला म्हटलं, "तुमची बहीण मला डाकीण करून दाखवतीया."

तो हसला. "लई विचार करतीस तू. चित्र हाय ते."

हसला म्हणजे त्यालाही ठाऊक आहे, असं मी धरून चालले. आत्याबाई फोनवर जरा तुटक बोलल्या, तर त्याही त्यातल्याच. नणंद स्वयंपाकघरात आली की मी बोलणं आवरतं घ्यायची. ती माझ्या हाताकडे बघतेय का, चेहऱ्याकडे बघतेय का, हे चोरून बघायची. ती मात्र नेहमीसारखीच होती. "वैनी, मीठ बघा जरा," म्हणायची. मला त्यातही काहीतरी दिसायचं.

शेवटी मी एक केलं. खडेबाजारातून पोपटी छत्री आणली. पाऊस नव्हता, तरी आठवडाभर तिच्यादेखत ती उन्हात घेऊन फिरले. रविवारी चष्मेवाल्या बाईच्या हातात पोपटी छत्री आली.

दुपारी आम्ही दोघी मागच्या पडवीत मेथी निवडत बसलो होतो. मी जुडी खाली ठेवली आणि सरळच विचारलं, "ती बाई मी हाय न्हवं?"

तिनं नाही म्हटलं नाही. "चष्मा तुमचा हाय," ती म्हणाली. "अंबाडा तुमचा. छत्रीबी तुमचीच. समोर दिसतं ते काढते मी."

"मग काय वाईट केलं मी तुमचं?"

"काय न्हाय. वैनी, तिचं रूप बघू नका. ती बोलती काय ते बघा."

मला कळेना. ती मेथीची पानं खुडत राहिली आणि मग हळू आवाजात सांगू लागली. बारावीनंतर तिला कोल्हापूरला चित्रकला शिकायला जायचं होतं. प्रवेशही मिळाला होता. आप्पा ओरडले नाहीत, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "घरात बसून काढ की. कोल्हापूरची काय गरज हाय?" जाणं तिथंच राहिलं. पुढं दर दिवाळीला आप्पा तिला रंगाची पेटी आणून द्यायचे.

"मिशी त्यांची तिकडं दिली," ती म्हणाली, "आणि बोलणं हिकडं. बाईच्या तोंडी घातलं की कुणाला वळखू येत न्हाय."

मला संताप आला. म्हणजे इतकी वर्षं ग्रुपवरची सगळी माणसं माझ्या चष्म्याला हसत होती आणि बोल आप्पांचे होते. "माझंच तोंड बरं सापडलं तुम्हाला," मी म्हटलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी जुडी परत उचलली.

आता माझा संशय आप्पांकडे वळला. ते दर रविवारी सोप्यात बसून फोन डोळ्यांजवळ धरून चित्रकथा बघायचे, मोठ्यानं हसायचे. हा माणूस खरंच काही ओळखत नसेल? आपलेच शब्द आपल्याला ऐकू येत नसतील? मी चहा द्यायच्या निमित्तानं त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहायची.

अशाच एका रविवारी ते हसले नाहीत. फोन मांडीवर ठेवला आणि लेकीला हाक मारली.

"ह्या बाईला तू नेहमी हरवतीस," ते म्हणाले. "तिला एकदा इचार तरी, ती अशी का वागती."

नणंद दारात उभी होती. "सांगंल व्हय ती?"

आप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. शेजारच्या यंत्रमागाची खडखड चालू होती. "भीत असंल," ते म्हणाले. "पोरगी एकदा बाहीर गेली की परत येत न्हाय, असं वाटत असंल तिला."

ती आत निघून गेली. पुढच्या रविवारी ग्रुपवर काही आलं नाही, आत्याबाईंनी दोनदा विचारलं. त्यानंतरच्या रविवारी आलं, त्यात आजोबा आणि ती बाई एस.टी.च्या एकाच बाकावर बसली होती. बाईला चष्मा नव्हता. भाचरांनी लगेच विचारलं, आता व्हिलन कोण?

आप्पांना किती कळलं होतं आणि कधीपासून, हे मी त्यांना विचारलेलं नाही. नणंदेनंही विचारलं नसावं. परवा ती कचेरीतून येताना बेळगावातल्या एका चित्रकलेच्या वर्गाची चौकशी करून आली. आप्पा तिथंच बसले होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी फक्त वर्गाची वेळ विचारली.