ताईची निगेटिव्ह मी ओल्या कापडाने पुसली

सकाळपासून हे लिहायचं टाळतोय. मध्येच उठून चौकात गेलो, तिथे कुणाच्या तरी जुन्या स्कूटरचे फोटो काढत बसलो. आता लिहितोच.

माझी ताई मी जन्मायच्या आधी गेली, चार वर्षांची असताना. तिचा फोटो केव्हाच हरवला, फक्त निगेटिव्ह उरली होती. आईने ती अमरावतीहून कुरियर केली, कारण मीच फुशारकी मारली होती, "स्टुडिओ कशाला? मी घरीच करतो."

बुटाचा खोका, आत पांढरी स्क्रीन लावलेला जुना मोबाईल, त्यावर निगेटिव्ह आणि काळ्याचं पांढरं करून दाखवणारं एक फुकटचं ॲप. माझ्या फोनमध्ये ताई सरळ दिसली. दोन वेण्या, एक रिबीन सुटलेली. पण धूळ फार होती. म्हणून फोटो काढायच्या आधीच निगेटिव्ह ओल्या कापडाने घासली. चेहराच पुसला गेला.

घरमालक काका बघत होते. म्हणाले, "अहो, निगेटिव्ह होती ना ती? कढईसारखी काय घासलीत?"

मला हसू आलं नाही, रडूही नाही. चहा केला, प्यायलो.

मग पुसलेल्या निगेटिव्हचाच फोटो काढून एआयला दिला, त्याने चेहरा भरून दिला. गोड आहे, पण दुसऱ्याच कुठल्या तरी मुलीचा. तोच आईला पाठवून गप्प बसू का? तुम्ही काय केलं असतं?

थांबा, खालून काका हाक मारतायत.

"अहो, तुमच्या मातोश्री आल्यात! फोटो न्यायला आलेय म्हणतायत."