बिनपदराचं लुगडं

सन १९२८. माझं वय छप्पन. आमची ठकू गेल्याची बातमी आली तेव्हा मी मागावर बसलो होतो, आणि मागावर तिचंच लुगडं होतं. तिला ते ठाऊक नव्हतं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. चार बुकं शिकलेला कोष्टी मी. लिहिण्यात चुकेन, पण हे दुसऱ्याच्या हातून लिहवून घेणार नाही.

ठकू आमच्यातली शेंडेफळ, माझ्याहून एकोणीस वर्षांनी धाकटी. आईबाप लवकर गेले, तिला मीच मोठं केलं. बहिणीच्या लग्नाचं लुगडं भावानं आपल्या हातानं विणायचं, ही आमच्या घरची रीत. पहिलं विणलं तेव्हा ती नऊ वर्षांची. लुगड्यात पोरगी दिसतच नव्हती. तो नवरा वर्षाच्या आत गेला. आमच्यात विधवेचा पाट लावतात, म्हणून पुढं दुसरं विणलं. तो बिजवर, त्याची लेक सखू तेव्हा रांगत होती. तोही मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. ठकूनं सखूला सोडलं नाही, पोटची म्हणूनच वाढवली. मग सहा वर्षांनी तिनं आपल्या मनानं, मला न विचारता, मारोतीशी पाट ठरवला. मारोती मिलमध्ये कामाला. ज्या मिलच्या कापडानं आमच्या गल्लीतले माग एकेक करून बंद पाडले, तिथला माणूस! मी म्हटलं, "तुह्या नावाचा धागा आता माह्या मागावर चढणार नाही. अन् तुह्या घरचं पाणीबी पिणार नाही." ती मिलचं लुगडं नेसून पाटाला बसली. मी गेलो नाही.

भाऊबीजेला भावानं बहिणीकडं जायचं असतं. मी जात नसे, म्हणून दर साली तीच ताट घेऊन माझ्या ओट्यावर यायची. ओवाळायची, आत यायची नाही. मीही ये म्हणायचो नाही. मागच्या भाऊबीजेला सखू सोबत होती. ती मिशनच्या शाळेत जाते. तिथल्या मडमबाईनं सांगितलेली गोष्ट ठकूला तोंडपाठ झाली होती.

"दादा, आयकलं का? विलायतेत एक राणी होती, तिचे चार लग्नं झाले. माह्ये तर तीनच."

"ते राणी होय. तू कोष्ट्याची पोट्टी."

"तरी पाय न गा. राजाच्या तीन लेकराइले माय नव्हती, तिनंच जीव लावला त्याइले. अन् राजा मेल्यावर चौथा तिनं आपल्या पसंतीनं केला." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "काहो सखूबाई, तिच्या भावानं काय केलं असन तवा?"

सखू म्हणाली, "पुस्तकात नवऱ्याइचं लिवलं हाय. भावाचं नाही."

"पाय दादा. जो रुसून घरात बसते, त्याचं कोणी लिवत नाही."

मला हसू आलं, ते मी खोकल्यात दाबलं. पण ती गेल्यावर बापाच्या जुन्या, बंद पडलेल्या मागावर हिरव्या उभ्या धाग्यांचा ताणा चढवला. व्यापाऱ्याचं काम आटोपलं की उरल्या वेळात विणायचो, वरून चादर झाकायचो. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा ठरवलं, बाळंतपणाला हे लुगडं घेऊन जाईन. पुरं झाल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही… एवढा ताठा कुठं न्यायचा होता मला?

मुलगी झाली. सहाव्या दिवशी ठकूला ताप भरला, आणि नवव्या दिवशी सखू माझ्या दारात उभी. "मामा, माय गेली… माहेरचं लुगडं द्या. लोक थांबून राहिले." सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. सखूची नजर मागावर गेली.

"हे मायचं होय ना? हेच द्या न मामा."

"अर्धं हाय. पदर कुठं हाय त्याले? बिनपदराचं नेसून जाईन का माही बहीण?"

अर्धं कापड मागावरून उतरवायचं नाही, असं बाप सांगायचा. मी कात्रीला हात लावला नाही. गांधीबागेच्या कापडबाजारात धावलो. सवाष्णीचं हिरवं हवं होतं, आणि त्या दुकानात हिरवं एकच होतं. बोटांना लगेच कळलं, मिलचं. तेच घेऊन आलो. मारोतीनं हातात घेतलं, त्यालाही कळलं.

घाटावरून मारोतीच्या घरी आलो तेव्हा सखू बाळाला घेऊन दारात बसली होती. म्हणाली, "मामा, ते राणीबी बाळंतपणातच गेली. पोरगी झाली होती तिले. ते मी मायले सांगतलंच नव्हतं."

"त्या पोरीचं काय झालं मंग?"

"मोठी झाली का नाही, तेबी कोणाले माहीत नाही."

मी तसाच घरी आलो.

आता महिना होत आला. बापाच्या मागावर उरलेला हिरवा ताणा अजून तसाच लोंबतो आहे, आणि येणारा-जाणारा विचारतो की बाबा, विणलेलं कापड कुठं गेलं? तर सांगतो. घाटावरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतकातच, मी मागाजवळ गेलो आणि कात्री चालवली. ते बिनपदराचं लुगडं खांद्यावर टाकून मारोतीच्या घरी गेलो, आढ्याला त्याची झोळी बांधली, पोरीला तिच्यात निजवलं. मग सखूला म्हटलं, "पाणी दे वं."